आजीच्या ओव्या आणि ओळख न दाखवणारा संगणक

जात्यावरची ओवी लिहून ठेवू नये, असा काही आपल्याकडे नियम नव्हता. पण लिहिणार कोण? जी गात होती तिला अक्षर येत नव्हते आणि ज्याला अक्षर येत होते तो पहाटे दळायला उठत नव्हता. गावात पिठाची गिरणी आली, जाती कोपऱ्यात गेली, कुणाच्या दारात जात्याच्या पाळीची पायरी झाली, आणि मायमाउल्यांनी बुद्धावर, भीमावर, रमाईवर रचलेल्या ओव्या ज्यांच्या त्यांच्याबरोबर मातीत गेल्या. आमच्या दुसरबीडच्या वस्तीत हे झाले, तसेच ते गावोगावी झाले. आमच्या घरच्या काही ओव्या मात्र बोटभर लांबीच्या एका प्लेअरमध्ये अडकून पडल्या होत्या. त्या आम्ही बाहेर कशा काढल्या, त्याची ही हकिगत आहे. ज्या घरांत असे जुने प्लेअर, मेमरी कार्ड, कॅसेटा पेटीत पडून आहेत त्या घरांना तिचा उपयोग व्हावा, म्हणून ती जरा सविस्तर लिहीत आहोत.

आवाजाचे मोल आपल्या चळवळीला कुणी सांगायला नको. जलशाच्या शाहिरांनी गावोगाव फिरून बाबासाहेबांचा विचार अडाणी माणसाच्या कानापर्यंत पोचवला. वामनदादा कर्डकांनी (जन्म १९२२, निधन २००४) हजारो गाणी रचली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज कॅसेटीवर आले. विजयादशमीला नागपूरच्या दीक्षाभूमीवर किंवा ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर जाऊन आलेला माणूस पुस्तके, बाबासाहेबांची तसबीर आणि एखाद-दोन कॅसेटा आणल्याशिवाय परतत नसे. १९५३ आणि १९५५ साली बी.बी.सी.ने बाबासाहेबांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या, म्हणून आज आपल्या शाळकरी मुलांनाही त्यांचा प्रत्यक्ष आवाज ऐकता येतो. घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ रोजी गोळीबार झाला, आपली माणसे मारली गेली, आणि त्यानंतर चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचे जीवन संपवले. पण १९८५ साली आनंद पटवर्धनांच्या ‘हमारा शहर’ या चित्रपटात त्यांचे गाणे टिपले गेले होते. माणूस गेला तरी त्याचे गाणे अजून प्रश्न विचारते.

आणि हे काही नामवंतांपुरतेच नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी पुण्याहून गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या बऱ्याच ओव्या पुढे ध्वनिमुद्रितही झाल्या. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली तिथल्या बायांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या गाऊन दिल्या. त्या आजही ऐकता येतात. कष्टकरी बाई जे जात्यावर बसून म्हणते ते जपण्याजोगे आहे, असे शहरातल्या शिकलेल्या माणसांना वाटले. आपल्याच घरच्यांना ते कधी वाटायचे?

आमच्या घरी तो प्लेअर २००९ साली आला. पुतण्या पुण्याला कंपनीत कामाला लागला होता. पहिल्या काही पगारांतून पैसे साठवून त्याने हा बोटाएवढा प्लेअर घेतला, त्यात भीमगीते भरली आणि गावी आल्यावर घरातच ठेवून गेला. त्याच्या डोक्याशी एक बारीक छिद्र होते. त्यातून आवाज आत भरता येतो, हे आम्हाला तोच सांगून गेला. त्या वर्षीच्या वर्षावासात विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू होते. आजीचे गुडघे धरलेले, तिला विहाराच्या पायऱ्या चढवत नव्हत्या. घरी बसून ती कंटाळायची. तेव्हा कुणाच्या तरी मनात आले की आजीच्या ओव्या या यंत्रात भरून घ्याव्यात.

आजी आधी ऐकेना. “जात्याबिगर वव्या कशा येतील बाप्पा? हात फिरला तं तोंड फिरते,” म्हणाली. म्हणून मग परसातले उलटे पडलेले जाते धुऊन-पुसून आत आणले, नवा खुंटा ठोकला आणि ओंजळभर गहू तिच्या पुढ्यात ठेवले. हात फिरू लागला आणि खरोखरच ओव्या येऊ लागल्या. तीन संध्याकाळी मिळून तेवीस वेळा बटण दाबले गेले. ज्या ओव्या आम्हाला पाठ होत्या त्या आल्या, ज्या आम्ही कधी ऐकल्या नव्हत्या त्याही आल्या.

आजी २०१३ साली गेली. तिचा चष्मा, बटवा आणि तो प्लेअर पत्र्याच्या पेटीत गेले.

यंदा जानेवारीत महिला मंडळाच्या बैठकीत ठरले की ७ फेब्रुवारीला रमाई जयंतीच्या कार्यक्रमात विहाराच्या स्पीकरवर आजीच्या ओव्या लावायच्या. जुन्या बायांना आजीचा आवाज आठवत होता, नव्या सुनांनी तो ऐकलेला नव्हता. आम्ही होकार दिला, पेटी उघडली आणि तिथून पुढे तीन आठवडे घरात दुसरा विषय नव्हता.

पहिली अडचण बॅटरीची. इतकी वर्षे पडून राहिलेली बॅटरी एकदम जागी होत नाही. चार्जिंगला लावल्यावर अर्धा-पाऊण तास पडद्यावर टिपूससुद्धा दिसले नाही. अशा वेळी लोक “मेला” म्हणून फेकून देतात. रात्रभर लावून ठेवला आणि सकाळी पडदा उजळला. इथे एक सांगून ठेवतो. प्लेअरचे पोट फुगलेले असेल, झाकण उचलले गेले असेल, तर तो मुळीच चार्जिंगला लावू नये. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. आमचा फुगलेला नव्हता.

इअरफोन लावला. एकाच कानात आवाज येत होता, पण आला. आधी जात्याची घरघर, मग आजीचा खाकरा, मग ओवी. आईने, म्हणजे आजीच्या सुनेने, इअरफोन कानात घातला आणि ती चुलीपुढे तशीच बसून राहिली. दहा मिनिटांनी प्लेअर बंद पडला. पुन्हा चार्ज केला, पुन्हा दहा मिनिटे. बॅटरीत तेवढाच जीव उरला होता. आवाज आत शाबूत आहे हे कळले आणि तो फार दिवस तसा राहणार नाही हेही कळले. त्याला संगणकात उतरवून घेणे भाग होते.

मुलीच्या एम.एस.सी.आय.टी.च्या वेळी घेतलेला जुना संगणक घरात आहे. त्याला प्लेअर जोडला. प्लेअरवर चार्जिंगचे चिन्ह आले, संगणकावर मात्र काहीच नाही. ना आवाज, ना निरोप. जणू काही जोडलेच नाही. काढून पुन्हा लावला, संगणक बंद करून चालू केला, तरी तेच. शेवटी बाजारातल्या एका दुकानात गेलो. तिथल्या मुलाने आपल्या संगणकाला प्लेअर लावला, वायर थोडी इकडेतिकडे हलवली आणि पडद्यावर इंग्रजीत निरोप आला. त्याचा अर्थ असा, की ही चकती वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. करायची का?

“फॉरमॅट मारून देतो काका. दोन मिनटाचं काम हाय. मंग पाहा कसा पळते.”

“आतलं राहते का?”

“आतलं जाईल. आतलं काय, गाणेच न? नवे भरून देतो, पाचशे गाणे.”

त्याचा दोष म्हणावा तर तोही नाही. त्याच्याकडे रोज तसेच लोक येतात. पण त्याचे बोट माऊसवर होते आणि आजी त्या बोटाखाली होती. आम्ही वायर ओढून काढली, त्याला दहा रुपये दिले आणि घरी आलो.

फॉरमॅट म्हणजे काय, ते मागून नीट समजून घेतले. एका जाड पुस्तकाची अनुक्रमणिका फाडून टाकली तर आतली पाने लगेच नाहीशी होत नाहीत. पण कुठे काय आहे ते वाचणाऱ्याला कळत नाही आणि पुस्तक कोरे समजून तो वर दुसरे लिहू लागतो. झटपट फॉरमॅट असेच करते. म्हणून ज्यांनी भीतीने किंवा घाईने ते बटण दाबले असेल त्यांनीही आशा सोडू नये. त्यानंतर त्या प्लेअरमध्ये किंवा कार्डात एक गाणेसुद्धा नवे भरू नये, फोटो काढू नये. फोटोरेक नावाचा एक प्रोग्रॅम फुकट मिळतो. तो अनुक्रमणिका नसतानाही पाने चाळून आवाजाच्या आणि चित्रांच्या फाइली बाहेर काढतो. निघालेल्या फाइली मात्र त्याच कार्डात न ठेवता दुसरीकडे ठेवाव्या लागतात. दुकानातल्या मुलाने नवी पाचशे गाणी भरली असती तर यातले काहीच उरले नसते.

आणि तो निरोपसुद्धा दर वेळी खरा असतोच असे नाही. वायर सैल असेल, बॅटरी अर्धमेली असेल, तर संगणक वाचता वाचता मध्येच अडखळतो. त्याला अनुक्रमणिका सापडत नाही आणि तो समजतो की चकतीच बिघडली. ज्याला वाचता येत नाही तो पुस्तकालाच कोरे म्हणतो, त्यातला प्रकार.

“संगणक ओळखत नाही” हे शब्द त्या तीन आठवड्यांत आम्ही इतक्या जणांच्या तोंडून ऐकले की शेवटी हसू येऊ लागले. समोर उभ्या माणसाची ओळख न दाखवणे ही रीत आपल्या समाजाने पिढ्यान् पिढ्या सोसलेली आहे. आता यंत्रानेही तेच आरंभले! मात्र यंत्राच्या मनात काही नसते. त्याचे कारण शोधले तर सापडते, आणि सापडले की दूरही होते.

आमचे पहिले कारण वायरीत निघाले. प्लेअरबरोबर आलेली वायर कधीच हरवली होती. आम्ही वापरत होतो ती चार्जिंगच्या बॅटरीची, म्हणजे हातातल्या टॉर्चची वायर होती. तोंड बरोबर बसत होते म्हणून कुणाला शंका आली नाही. यू.एस.बी.च्या पुऱ्या वायरीत आत चार तारा असतात. बहुधा लाल आणि काळी विजेसाठी, हिरवी आणि पांढरी माहितीच्या देवाणघेवाणीसाठी. स्वस्तातल्या, नुसत्या चार्जिंगच्या वायरीत हिरवी-पांढरी जोडी घातलेलीच नसते. वीज जाते, दिवा लागतो, पण बोलणे होत नाही. बाहेरून दोन्ही वायरी सारख्याच दिसतात. दुकानात निरोप आला होता तो त्या मुलाने आपली वायर लावली होती म्हणून, पण तीही तोंडाशी हलत होती.

आता चार तारांची वायर आणायची कुठून? २००९च्या सुमारास अशा प्लेअरना जाडसर तोंडाची ‘मिनी’ वायर लागायची. पुढे मोबाइलला ‘मायक्रो’ आली, आता ‘सी’ आली. मिनी बाजारात सहज मिळेना. अखेर आठवले की जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांना हीच वायर असायची. गावातल्या फोटो स्टुडिओवाल्या दादांकडे गेलो. त्यांनी खोक्यातून गुंता बाहेर काढला, त्यातून एक काळी वायर सोडवून दिली आणि म्हणाले, “माह्या कामाची नाही आता. न्या.” पैसे घेतले नाहीत.

त्या वायरीने संगणक पहिल्यांदा ‘टुंग’ असा वाजला आणि लगेच कोपऱ्यात निरोप आला: यू.एस.बी. डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड. म्हणजे कुणीतरी दारात आले एवढे त्याला कळले, कोण आले ते कळले नाही. ही सुद्धा प्रगतीच होती. मग दोन गोष्टी केल्या. प्लेअरच्या तोंडात बटव्यातला तंबाखूचा चुरा आणि कापसाचे तंतू घट्ट बसले होते. प्लेअर बंद करून लाकडी काडीने आणि कोरड्या मऊ ब्रशने ते अलगद काढले. तिथे सुई, टाचणी घालू नये, आतल्या पट्ट्या वाकतात. आणि वायर संगणकाच्या पुढच्या तोंडाऐवजी मागच्या तोंडात लावली. पुढची तोंडे आत एका बारीक वायरीने जोडलेली असतात, जुन्या संगणकात ती सैल पडते. मागची तोंडे थेट मुख्य पाटीवर बसवलेली असतात. एकाला चार करणारा जोड तर मध्ये नसावाच.

आता निरोप येईना, प्लेअरचे नावही एका खिडकीत उमटले, पण उघडल्यावर आत फक्त पुतण्याने भरलेली भीमगीते दिसत होती. आजी कुठेच नव्हती. इथे आमचा धीर सुटायला आला होता. प्लेअरवर आवाज ऐकू येतो, संगणकाला प्लेअर दिसतो आणि तरी आवाज दिसत नाही!

त्याचा उलगडा मुलीने केला. त्या काळच्या बऱ्याच प्लेअरना संगणकाशी बोलायच्या दोन रीती असत. एकीला एम.टी.पी. म्हणतात. हिच्यात प्लेअर स्वतः कारभारी होतो आणि आपल्याला वाटेल तेवढेच संगणकाला दाखवतो. दुसरीला एम.एस.सी. म्हणतात. हिच्यात प्लेअर साध्या पेनड्राइव्हसारखा सगळा उघडा होतो. प्लेअरच्या सेटिंगमध्ये यू.एस.बी. मोड असे लिहिलेले असते, तिथे ही निवड करता येते. वायर काढली, मोड बदलून एम.एस.सी. केला आणि वायर पुन्हा जोडली. माय कॉम्प्युटरमध्ये नवी चकती आली आणि तिच्यात ‘व्हॉइस’ नावाचे एक फोल्डर होते. आत तेवीस फाइली.

काही संगणकांवर इतके करूनही चकती दिसत नाही. तेव्हा डिस्क मॅनेजमेंट उघडून पाहावे. तिथे चकती असते, पण तिला अक्षर मिळालेले नसते. सी, डी, ई या अक्षरांपैकी तिला हवे असलेले अक्षर दुसऱ्याने घेतलेले असते. रिकामे अक्षर दिले की ती समोर येते. ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांनी निराश होऊ नये. ओटीजीचा छोटा जोड लावून एम.एस.सी.मधला प्लेअर मोबाइललाही जोडता येतो. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडून काही घरांत ॲपलचे आयपॉड आले आहेत. ते २००१ साली निघाले आणि २०२२ साली कंपनीने ते बंद केले. गोल चाकाच्या आयपॉडची ओळख पटत नसेल तर आधी वरची होल्डची कळ सरकलेली नाही ना ते पाहावे आणि मग मेन्यू व मधले बटण एकदम सहा-आठ सेकंद दाबून धरावे, तो नव्याने सुरू होतो. तिथेही पडद्यावर ‘रिस्टोअर’ विचारले तर थांबावे. त्या बटणानेही आतले सगळे जाते. मॅकवर तयार केलेला आयपॉड विंडोजला वाचताच येत नाही, त्यात बिघाड काहीच नसतो. आणि घरात कॅसेट असेल, तिची फीत शाबूत असेल, तर टेपच्या इअरफोनच्या तोंडातून संगणकाच्या लाइन-इनच्या तोंडात दोन्हीकडे सारखी टोके असलेली वायर लावावी आणि ऑडॅसिटी या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमवर भरून घ्यावे. साठ मिनिटांच्या कॅसेटीला साठ मिनिटे बसावे लागते, घाई चालत नाही.

ही शेवटची युक्ती आम्हालाही लागली. तेवीस फाइली एकदम उचलल्या तर तिसरीवर सगळे अडले. मग एकेक करून उचलल्या. एक अडली तरी बाकीच्या थांबत नाहीत. एकवीस आल्या. दोन काही केल्या येईनात. पण त्या प्लेअरवर वाजत होत्या. तेव्हा त्या इअरफोनच्या तोंडातून भरून घेतल्या, दहा-दहा मिनिटांच्या उसन्या आयुष्यात, आईने घड्याळ धरून बसून. एका कानाचाच आवाज आला. आजीला तेवढा पुरेसा आहे.

मग रात्री सगळे बसून ऐकले. प्लेअरचे घड्याळ कुणी लावलेलेच नव्हते, त्यामुळे सगळ्या फाइलींवर तारीख चुकीची. पण पत्र्यावर पाऊस वाजताना ऐकू येतो, त्यावरून कोणती संध्याकाळ ते आईने सांगितले. मागे मेहकर-सिंदखेडराजा रस्त्याने एस.टी. जाते, तिचा हॉर्न आहे. आता गावाजवळून समृद्धी महामार्ग गेला, गाड्यांची सगळी चाल बदलली. पाळण्यातले पोर रडते आहे, ते आज आमच्या शेजारी बसून मोबाइलवर हे सगळे ऐकत होते आणि “हा मी?” म्हणून पुन्हा पुन्हा विचारत होते. आजी बुद्धाला पहिली ओवी देते, भीमाला दुसरी, रमाईला तिसरी. १९५६च्या विजयादशमीला तिचे वडील नागपूरला दीक्षेला गेले होते. त्यांचे पांढरे धोतर, परतल्यावर घरातले देव गाठोड्यात बांधून नदीवर नेणे, हे सगळे तिने ओवीत बसवले आहे. बाबासाहेब त्याच वर्षी डिसेंबरात गेले, तिथे आल्यावर जाते थांबते. घरघर बंद होते. काही क्षण नुसता पाऊस ऐकू येतो. मग पुन्हा खुंटा फिरू लागतो.

सतराव्या फाइलीत आजीने आपल्या आईचे नाव घेतले आहे.

घरात कुणालाही ते नाव ठाऊक नव्हते. आजीच्या वडिलांचे नाव सगळ्यांना माहीत, आजोबांचे माहीत, पण तिच्या आईचे कुणी कधी विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही. तिचा फोटो नाही. कुठल्या कागदावर ती असल्याचे आम्हाला ठाऊक नाही. जमीन नव्हती तेव्हा सातबारा नाही, आणि शाळेत तर तिला कुणी घातलेच नव्हते. नावही कसले! आपल्या लेकरांना दगडाधोंड्याची, केरकचऱ्याची नावे ठेवायची वेळ ज्या काळाने आणली, त्या काळातले एक नाव. आजीने मात्र ते ओवीत असे घोळवून म्हटले आहे की ऐकणाऱ्याला ते सोन्याचे वाटावे. मुलीने वही उघडून कुळाच्या पानावर ते नाव लिहिले. दुकानातल्या त्या मुलाने सांगितलेले दोन मिनिटांचे काम झाले असते तर ही बाई जगात होऊन गेली, हे सांगणारे काहीच उरले नसते.

आता या ओव्यांच्या चार प्रती आहेत. एक संगणकात, एक पेनड्राइव्हवर, एक पुण्याला पुतण्याकडे. मूळ फाइली जशाच्या तशा ठेवल्या आणि मोबाइलवर ऐकण्यासाठी एमपी३च्या वेगळ्या केल्या. त्या लहान होतात, साधारण मिनिटाला एक एम.बी. पेनड्राइव्ह जन्मभर टिकतो अशा भ्रमात कुणी राहू नये. वीज न मिळता वर्षानुवर्षे पडून राहिला तर त्यातलेही पुसट होत जाते. म्हणून दर विजयादशमीला तो जोडून, सगळ्या फाइली उघडतात का ते पाहायचे ठरले आहे. चौथी प्रत कागदावर आहे. आई ऐकते, थांबवते आणि मुलगी लिहून घेते. नऊ ओव्यांचे गाणे लिहायला दोन रात्री लागल्या, कारण जात्याच्या घरघरीत काही शब्द बुडाले आहेत. ते आईलाच कळतात.

रमाई जयंतीला विहारात ओव्या लावल्या. त्रिशरण-पंचशील झाल्यावर स्पीकरमधून आधी घरघर आली आणि मागे बसलेल्या एका म्हातारीचा हात आपोआप गोल फिरू लागला. बीबीकडून सून म्हणून आलेल्या एका मावशीने आजीच्या पुढची ओळ मोठ्याने म्हटली. तिच्या माहेरी तीच ओवी वेगळ्या शेवटाने म्हणतात. तिचा शेवट आम्ही तिथल्या तिथे मोबाइलवर भरून घेतला.

प्लेअर पुन्हा पेटीत ठेवला आहे, चष्म्याशेजारी. स्टुडिओवाल्या दादांची वायर मात्र घरी नाही. कार्यक्रमानंतर आमच्याच वस्तीत आणखी दोन घरांत तसलेच प्लेअर निघाले. एकात कुणाच्या तरी वडिलांचे भाषण आहे म्हणतात, दुसऱ्यात काय आहे ते अजून कुणाला माहीत नाही. वायर सध्या तिकडे फिरते आहे. ज्यांच्याकडे जुन्या कॅमेऱ्याची चार तारांची मिनी वायर असेल त्यांनी ती फेकू नये. आमच्याकडे आणखी एक लागणार आहे.